बाळाला कोण गाठतं: हवा की हात?

आरएसव्ही हा विषाणू मोठ्यांना बहुधा नुसती सर्दी देतो. दोन महिन्यांच्या बाळाच्या मात्र बारीक श्वासनलिका सुजतात, चिकट स्रावाने भरतात. बाळाला धाप लागते, बरगड्यांखाली खळगा पडतो, दूध ओढवत नाही. म्हणून त्याला वॉर्डात ठेवावं लागतं, आणि मग भलत्याच आजारासाठी आलेलं शेजारचं बाळही खोकू लागतं. विषाणू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातो कसा?

अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या बालरोगतज्ज्ञ कॅरोलिन ब्रीस हॉल यांनी याचा छडा लावला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात स्वयंसेवकांचे तीन गट होते. ७ जणांनी आजारी बाळाला जवळ घेऊन त्याचं सगळं केलं. १० जणांनी बाळ खोलीत नसताना त्याचा शेंबूड लागलेल्या वस्तू हाताळल्या आणि तोच हात स्वतःच्या नाका-डोळ्यांना लावला. उरलेले १४ जण खाटेपासून सहा फुटांहून लांब नुसते बसून राहिले. पहिल्या गटातल्या ५ जणांना लागण झाली, दुसऱ्यातल्या ४ जणांना. लांब बसलेल्यांपैकी एकालाही नाही.

इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग वैद्यकात क्वचितच सापडतो. बाळाला हातही न लावता चौघांना लागण झाली! हॉल यांनीच दाखवलं होतं, की गुळगुळीत टेबलावर हा विषाणू काही तास टिकतो, कापडावर अर्धा-पाऊण तास, कातडीवर वीसेक मिनिटं. एका बाळाचा लंगोट बदलून सिस्टरने दुसऱ्याला उचलायला एवढा वेळ पुरेसा आहे. विषाणूला शिरकाव मिळतो तो नाकातून आणि डोळ्यांतूनही. पुढे कर्मचाऱ्यांनी नाक-डोळे दोन्ही झाकणारे गॉगल वापरले, तेव्हा वॉर्डातली लागण ठळकपणे घटली.

या विषाणूचं आवरण स्निग्ध असतं, त्यामुळे साबण किंवा अल्कोहोलचं द्रावण त्याला पुरून उरतं. आपल्याकडच्या भरलेल्या वॉर्डांत प्रत्येक बाळाला वेगळी खोली मिळणं अवघड आहे; पण प्रत्येक खाटेशी हात चोळायच्या द्रावणाची बाटली ठेवणं मुळीच अवघड नाही. ती असलीच पाहिजे. स्टेथोस्कोपही दर वेळी पुसला पाहिजे.

आणि आईबाबांनो, तुमच्या बाळाला कोणी हात लावण्याआधी, मग ते डॉक्टर असोत, सिस्टर असोत की बाळ बघायला आलेली आत्या, ‘हात धुतलेत ना?’ असं विचारायला संकोचू नका.