महाबळेश्वरांतील परदेशी बिऱ्हाडें

परक्या मुलखांत घर मिळविणें एक, आणि तेथें राहतें होणें दुसरें. घर पैशानें उभें करतां येतें. राहण्याची रीत मात्र तेथील ऋतूंकडून आणि शेजाऱ्यांकडून शिकावी लागते. या गोष्टीचा दाखला पाहावयाचा असल्यास सातारा जिल्ह्यांतील महाबळेश्वराकडे वळावें. सुमारें साडेचार हजार फूट उंचीच्या या पठारावर आणि त्याच्या आसपास गेल्या दोनशें वर्षांत परदेशी माणसें तीन निरनिराळ्या कारणांनीं आलीं. कोणी हवा खाण्यास आले, कोणी शिक्षा भोगण्यास आले, आणि कोणी खरोखरच घर करण्यास आले. या तिघांची हकीकत शेजारीं शेजारीं ठेवली म्हणजे नव्या जागीं बिऱ्हाड रुजतें केव्हां, याचा उलगडा होतो.

हें पठार ओसाड नव्हतें, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. क्षेत्र महाबळेश्वर येथें कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पांच नद्यांचा उगम मानला जातो. तेथें जुनीं देवालयें आणि त्यांच्या उपाध्यायांचीं घरें होतीं. आसपासच्या वाड्यांतून कोळी, कुणबी आणि गवळी-धनगर राहत. धावड नांवाचे मुसलमान कारागीर डोंगरांतील दगड भट्टींत घालून लोखंड गाळीत. उतारावरचें रान तोडून जाळावयाचें आणि त्या राखेंत नाचणी-वरी पेरावयाची, ही येथील शेतीची जुनी पद्धति होती.

इंग्रजांचें लक्ष या जागेकडे वेधलें तें १८२४ सालीं. पुढें जनरल झालेले पीटर लॉडविक हे त्या वर्षीं साताऱ्याच्या छावणींतून वर चढून आले. त्यानंतर छत्रपति प्रतापसिंह महाराजांनीं साताऱ्याहून वर येणारा रस्ता बांधविला. १८२८ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन मालकम यांनीं आजाऱ्यांना विश्रांति मिळावी म्हणून ही जागा पसंत केली. १८२९ सालच्या करारान्वयें वाई प्रांतांतील खंडाळा हें गांव महाराजांना देऊन त्याच्या बदल्यांत पठारावरील जागा इंग्रजांनीं घेतली. नव्या वस्तीस मालकम पेठ असें नांव पडलें.

त्या काळीं मुंबईच्या इंग्रज कुटुंबाला येथवर पोंचणें हेंच एक दिव्य होतें. समुद्रमार्गें बाणकोटास यावें, सावित्रीच्या खाडींतून होडीनें महाडच्या बाजूस लागावें, आणि तेथून पालखींत बसून किंवा घोड्यावरून पारघाट चढावा. त्या वाटेवरील एका चढणीला लोकांनीं रडतोंडीचा घाट असें नांव दिलें आहे. वाटसरूची अवस्था सांगण्यास तेवढें पुरे. पेट्या, पलंग आणि भांडींकुंडीं हमालांच्या डोक्यावरून येत. १८६३ मध्यें बोरघाटांतून आगगाडी सुरू झाल्यावर पुण्याकडून येणें सुलभ झालें.

घराला दगड दूरवरून आणावा लागत नसे. तांबडा जांभा पायाखालींच होता. प्रशस्त ओसरी, उतरतें छप्पर, भोंवतीं बाग, अशा थाटाचे बंगले उभे राहिले. पण बंगल्याचा धनी कोणीही असो, दैनंदिन संसार स्थानिक माणसांच्या हातांवरच चाले. कपाटांत विलायती चिनी मातीचीं भांडीं मांडलीं, तरी त्यांतलें दूध धनगराच्या म्हशीचें असे, चुलींतलें लाकूड शेजारच्या रानांतलें असे, आणि स्नानाचें पाणी भिस्ती पखालीनें आणून घाली. गांवकऱ्यांना यांतून मजुरी मिळे. मात्र पुढें राखीव जंगलाचे निर्बंध आले, तेव्हां रान जाळून पेरण्याची शेती आखडली आणि कोळशावांचून धावडांच्या भट्ट्याही थंडावल्या. जें रान नव्या रहिवाशांना शोभेचें होतें, तेंच जुन्या रहिवाशांच्या पोटाचें साधन होतें. शेजारधर्माचा हा हिशेब कधींच पुरता जुळला नाहीं.

आणि मग पावसाळा येई. नैर्ऋत्येकडून समुद्रावरचे वारे कोंकणची सपाटी ओलांडून सह्याद्रीच्या कड्यावर आदळतात. उभ्या भिंतीसारख्या त्या कड्यामुळें हवा एकाएकीं वर चढते, थंड होते आणि अंगांतलें पाणी ओतून टाकते. महाबळेश्वर अगदीं या कड्याच्या माथ्यावर बसलेलें आहे. त्यामुळें येथें वर्षाला सरासरी साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे सव्वादोनशें इंचांच्या आसपास. आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. धुकें घराच्या दारांतून आंत शिरतें. मिठाचें पाणी होतें, काडी ओढली तरी पेटत नाहीं, जोड्यांवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी चढते, आणि कपडे शेगडीवर धरल्यावांचून वाळत नाहींत.

जांभा हा सच्छिद्र दगड आहे. उघडा ठेवल्यास तो पाणी शोषून घेतो आणि भिंत आंतून पाझरूं लागते. यावरचा उपाय स्थानिक लोकांस फार दिवसांपासून ठाऊक होता. पावसापूर्वीं रानांतील कोळंब गवत कापून आणावयाचें, बांबूच्या चौकटींवर तें दाट बांधावयाचें, आणि ज्या अंगानें झड येते त्या अंगाच्या भिंती अशा गवती तट्ट्यांनीं जमिनीपर्यंत झांकून टाकावयाच्या. पाणी गवतावरून निथळून जातें, भिंत कोरडी राहते. गव्हर्नरांचा बंगला असो कीं वाण्याचें दुकान, या विद्येपुढें सारे सारखेच. सरकारी अभियंत्यांच्या काळींही हें काम गवत बांधणाऱ्या माणसावांचून होत नसे.

परंतु साहेबमंडळी हा पावसाळा क्वचितच पाहत. जूनचा मध्य आला कीं गाठोडीं बांधून तीं पुण्याकडे उतरत, आणि घराच्या किल्ल्या राखणदाराच्या कमरेला लागत. वर्षाचे चार महिने त्या घराचा खरा रहिवासी तो राखणदारच असे. कड्याच्या टोंकावर जेथें आर्थर मॅलेट नांवाच्या अधिकाऱ्यानें घर बांधलें होतें, तेथें आज घर नाहीं. आर्थर सीट हें जागेचें नांव तेवढें राहिलें आहे. हवा खाण्यास आलेल्यांनीं पठारावर पुष्कळ नांवें ठेवलीं. त्या नांवांच्या मागचीं कुटुंबें मात्र राहिलीं नाहींत.

दुसऱ्या प्रकारच्या परदेशी माणसांना खालीं उतरण्याची मुभाच नव्हती. मलाक्का, सिंगापूर आणि पिनांग या पूर्वेकडील इंग्रजी वसाहतींतून शिक्षा होऊन आलेले चिनी आणि मलायी कैदी १८३० नंतरच्या दशकांत येथें आणून ठेवले गेले. त्यांच्याकडून रस्ते करून घेत, आणि बाजूच्या ओलसर जमिनींत भाजीपाला लाववीत. बटाटा, आरारूट आणि वेताच्या टोपल्या विणण्याची कला यांचा येथील प्रसार या कैद्यांमुळें झाला असें जुन्या नोंदी सांगतात. १८६४ मध्यें तो तुरुंग बंद झाला.  पण त्यांनीं शिकविलेली लागवड गांवकऱ्यांच्या हातीं राहिली. पुढें इंग्रजांच्या अमदानींत आलेली स्ट्रॉबेरी याच मातींत रुजली, आणि २०१० सालीं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालें. बारा महिने चिखलांत उभें राहिल्यावांचून माती कोणाला आपलें मानीत नाहीं. कैद्यांना हें सक्तीनें शिकावें लागलें.

तिसरा प्रकार पांचगणीचा. महाबळेश्वरापासून अवघ्या १८-१९ किलोमीटरांवर असूनही हें गांव कड्याच्या पूर्वेस आडोशाला आहे. ढग बरेचसे रिते होऊनच तेथें पोंचतात. बाराही महिने राहतां येईल अशी जागा हवी, या विचारानें १८६० नंतरच्या दशकांत जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाच्या देखरेखीखालीं दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पांच गांवांच्या मधल्या जागीं नवी वस्ती वसविण्यांत आली. सिल्व्हर ओकसारखीं परदेशी झाडें तेथें लावलीं गेलीं. चेसन स्वतः तेथेंच राहिले, आणि त्यांची कबरही तेथील चर्चच्या आवारांतच आहे. घर बांधण्यापूर्वीं त्यांनीं पावसाचा विचार केला, म्हणून त्या वस्तीला किल्ली राखणदारापाशीं ठेवावी लागली नाहीं. पुढें तेथें ज्या निवासी शाळा निघाल्या, त्यांनाही हीच गोष्ट अनुकूल ठरली.

आज या डोंगरांत घर करूं इच्छिणारीं कुटुंबें पुण्यामुंबईचीं असतात, तशीं वर्षानुवर्षें परदेशीं राहून परतूं पाहणारींही असतात. त्यांच्यापुढचे कांहीं प्रश्न कायद्याचे आहेत. परदेशांत स्थायिक असलेल्या भारतीय नागरिकाला राहतें घर विकत घेतां येतें, परंतु शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेण्यास सामान्यतः परवानगी नाहीं. शिवाय २००१ सालीं केंद्र सरकारनें महाबळेश्वर-पांचगणीचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला असल्यामुळें झाड तोडणें, डोंगर खणणें आणि उतारावर बांधणें यांवर निर्बंध आहेत. एके काळीं रानाच्या नियमांचा भार केवळ गांवकऱ्यांवर पडला; आतां तो बंगलेवाल्यांनींही उचलावयाचा आहे.

उरलेले प्रश्न कोणत्याही कागदपत्रांत सुटत नाहींत. एप्रिलांत पाहिलेलें घर जुलैमध्यें कसें दिसतें, झड कोणत्या भिंतीवर येते, सरपण आणि धान्य किती दिवसांचें भरून ठेवावें, गवत बांधणाऱ्याला निरोप केव्हां धाडावा, हें शेजारच्या वाडींतली म्हातारी माणसें सांगूं शकतात, आणि विचारल्यास आनंदानें सांगतात. म्हणून नव्यानें येणाऱ्या कुटुंबानें घर विकत घेण्यापूर्वीं तेथें एक पावसाळा भाड्यानें काढावा. ऑक्टोबरांत ऊन पडून पठार फुलांनीं भरेल, तेव्हां आपण येथें राहूं शकतों कीं नाहीं, हें त्या घरांतल्या प्रत्येकाला न विचारतांच कळलेलें असेल.