महामारीकालीन आर्थिक साहाय्य

महामारीकालीन आर्थिक साहाय्य : साथीच्या रोगामुळे किंवा त्याचा प्रसार रोखण्यासाठी घातलेल्या निर्बंधांमुळे ज्या कुटुंबांचे उत्पन्न व ज्या व्यवसायांची उलाढाल खुंटते, त्यांना शासनाने दिलेली तात्पुरती मदत. धान्य, रोख रक्कम, वेतन-अनुदान, कर्जफेडीस मुदतवाढ, कर्जास शासकीय हमी व करभरण्यात सवलत ही तिची प्रमुख रूपे होत. दुष्काळात पीक बुडते, महापुरात मालमत्ता नष्ट होते. महामारीत मात्र शेत, कारखाना व दुकान जागच्या जागी असतात, परंतु माणसांनी एकत्र येणेच धोक्याचे ठरल्याने व्यवहार थांबतात. त्यामुळे सार्वजनिक कामे काढून मजुरी देण्याचा दुष्काळनिवारणातील रूढ मार्ग साथीच्या ऐन भरात उपयोगी पडत नाही. मदत घरी बसलेल्या माणसापर्यंत न्यावी लागते व त्यासाठी त्याचे नाव शासनाच्या एखाद्या नोंदीत आधीपासून असावे लागते. या साहाय्याचे यशापयश बव्हंशी अशा नोंदींवर अवलंबून असते.

पूर्वपीठिका : मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ उद्‌भवल्यानंतर ब्रिटिश शासनाने १८९७ चा साथरोग अधिनियम केला. त्याने प्रवाशांची तपासणी, रुग्णांचे विलगीकरण इ. व्यापक अधिकार शासनास दिले. तथापि रोजगार बुडालेल्यांना मदत देण्याचे बंधन त्याच्यावर घातले नाही. भारतात एक कोटीहून अधिक बळी घेणाऱ्या १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीतही मदतकार्याचा मोठा भार स्वयंसेवी संस्थांनी वाहिला. हलाखीच्या काळातील साहाय्य हा नागरिकाचा हक्क होय, ही कल्पना पुढे दुष्काळाच्या संदर्भात दृढ झाली. महाराष्ट्रातील १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेचा विस्तार झाला, १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमास ती आदर्शभूत ठरली.

कुटुंबांना साहाय्य : कोविड-१९ च्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून भारतभर टाळेबंदी लागू झाली. दुसऱ्याच दिवशी केंद्र शासनाने १·७० लाख कोटी रुपयांची प्रधानमंत्री गरीब कल्याण योजना घोषित केली. तिच्यानुसार सु. ८० कोटी शिधापत्रिकाधारक व्यक्तींना दरमहा प्रत्येकी ५ किग्रॅ. धान्य मोफत व प्रत्येक कुटुंबास १ किग्रॅ. डाळ देण्याचे ठरले. सु. २० कोटी स्त्रियांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रु. जमा करण्यात आले. शेतकऱ्यांना मिळालेला २,००० रुपयांचा हप्ता मात्र पूर्वीच्याच वार्षिक ६,००० रुपयांच्या योजनेतील असून तो फक्त लवकर देण्यात आला. त्यामुळे घोषित रकमेवरून नव्या साहाय्याचे मोजमाप करता येत नाही.

रोजगार हमी योजनेवरील सरासरी मजुरी १८२ रुपयांवरून २०२ रु. करण्यात आली. टाळेबंदीत कामेच बंद असल्याने तिचा तात्काळ लाभ थोडा झाला. परंतु शहरांतून परतलेल्या मजुरांना पुढे या योजनेचा मोठा आधार मिळाला. २०२०-२१ या वर्षात ७·५ कोटींहून अधिक कुटुंबांनी तिच्यावर काम केले.

व्यवसायांना साहाय्य : मे २०२० मध्ये घोषित झालेल्या २० लाख कोटी रुपयांच्या आत्मनिर्भर भारत योजनेत रिझर्व्ह बँकेने आधीच केलेल्या उपायांचाही समावेश होता आणि तिचा भर प्रत्यक्ष अनुदानापेक्षा पतपुरवठ्यावर होता. लघुउद्योगांसाठी ३ लाख कोटी रुपयांची आपत्कालीन कर्जहमी योजना सुरू झाली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी असलेल्या थकीत शिलकेच्या २० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज तारणाशिवाय मिळे व त्याची पूर्ण हमी शासन घेई. परंतु बँकेचे कर्ज कधीच न घेतलेल्या छोट्या व्यावसायिकास या सूत्राने काहीच मिळत नसे. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली. व्याजाची आकारणी मात्र चालूच राहिली. थोडक्यात, अनुदानाने गेलेले उत्पन्न काही अंशी भरून येते, तर कर्जाने केवळ वेळ मिळतो. तो वेळ पुढील उत्पन्नातूनच फेडावा लागतो.

नोंदीबाहेरील लोक : शिधापत्रिका बहुधा मूळ गावची असल्याने शहरांत अडकलेल्या स्थलांतरित मजुरांना धान्य असूनही मिळू शकले नाही. लक्षावधी मजूर पायी गावाकडे निघाले. ८ मे २०२० रोजी जालन्याहून निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली सापडून मरण पावले. त्यानंतर १४ मे रोजी शिधापत्रिका नसलेल्या सु. ८ कोटी स्थलांतरितांसाठी दोन महिन्यांचे मोफत धान्य घोषित झाले. मदतीचा विलंब हाही तिच्या अभावासारखाच घातक ठरतो, हे या घटनाक्रमावरून दिसते. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२१ मध्ये ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य घोषित केले. त्यातील १,५०० रुपयांची मदत नोंदणीकृत बांधकाम मजूर, परवानाधारक रिक्षाचालक व अधिकृत फेरीवाले यांच्यासाठी होती. साहजिकच ज्यांपाशी नोंद वा परवाना नव्हता, ते तिच्या कक्षेत आले नाहीत.

अन्य देश : ग्रेट ब्रिटनने काम थांबलेल्या नोकरदारांच्या वेतनाच्या ८० टक्क्यांपर्यंत, कमाल दरमहा २,५०० पौंड, भार उचलला, ही योजना सप्टेंबर २०२१ पर्यंत चालली. अमेरिकेने मार्च २०२० च्या कायद्यान्वये ठराविक उत्पन्नमर्यादेतील प्रौढांना प्रत्येकी १,२०० डॉलर दिले. या देशांना करखात्याच्या नोंदींचा आधार होता. भारतातील बहुसंख्य कामकरी असंघटित क्षेत्रात असल्याने त्यांचे वेतन कोठेही नोंदलेले नव्हते.

मूल्यमापन : मोफत धान्य योजना काही खंड वगळता डिसेंबर २०२२ पर्यंत चालली व २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्यच मोफत झाले. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ रोजी शिधापत्रिका देशात कोठेही चालण्याची व्यवस्था ३१ जुलैपर्यंत अंमलात आणण्याचा आदेश राज्यांना दिला. ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांची राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली. या दोन्ही सुधारणा साथीपूर्वीच पूर्णत्वास गेल्या असत्या, तर पुष्कळ हाल टळले असते. महामारीकालीन साहाय्याची खरी तयारी महामारी नसतानाच करावी लागते.