नितळ दिसणाऱ्या पाण्यात काय विरघळलेलं असतं? आणि तुरटी ते कसं बाहेर काढते?

भिवंडीतल्या कामतघरला वऱ्हाळा तलाव आहे. शहराचं बहुतेक पाणी बाहेरून येतं, शहाड-टेमघर योजनेकडून आणि मुंबई महापालिकेकडून. त्या मानाने वऱ्हाळा तलावाचा वाटा लहान, पण शहराच्या हद्दीतला पिण्याच्या पाण्याचा हा हक्काचा साठा आहे.

तलावाचं पाणी शुद्ध करणं नदीच्या पाण्यापेक्षा सोपं वाटतं. जुलैत नदीला लाल पाणी येतं, तलावात मात्र गाळ आपोआप खाली बसतो. गडबड इथेच होते. पानं, शेवाळ, निर्माल्य, आसपासचं सांडपाणी असं जे काही साचलेल्या पाण्यात कुजतं, त्याचा अर्क पाण्यात उतरतो. चहा गाळला की पत्ती गाळणीत राहते, रंग कपात जातो, तसंच हे. यालाच विरघळलेले सेंद्रिय पदार्थ म्हणतात. वाळूच्या फिल्टरमधून ते सहज निसटतात.

ते प्यायल्याने लगेच कुणी आजारी पडत नाही. त्रास सुरू होतो तो क्लोरीन घातल्यावर. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ साली दाखवून दिलं, की क्लोरीन आणि या पदार्थांच्या संयोगातून क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात. त्यांना ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. दीर्घकाळ पोटात गेल्यास त्यांच्यामुळे कर्करोगाचा धोका वाढण्याची शक्यता मानली जाते. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ नुसार पिण्याच्या पाण्यात क्लोरोफॉर्म लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावा. शिवाय हे पदार्थ क्लोरीन खाऊन टाकतात. मग पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाच्या घरापर्यंत क्लोरीन उरतच नाही आणि कावीळ, गॅस्ट्रोची भीती वाढते.

म्हणून क्लोरीन कमी करायचा का? अजिबात नाही. जंतूंचा धोका आजचा आहे आणि कितीतरी मोठा आहे. क्लोरीनच्या आधी सेंद्रिय पदार्थ कमी करणं, हा खरा मार्ग.

इथे आपली जुनी तुरटी कामाला येते. पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवणं घरोघरी माहीत आहे. शुद्धीकरण केंद्रात तिची भावंडं वापरतात: ॲल्युमिनियम सल्फेट किंवा पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड. सेंद्रिय रेणूंवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात सुटे राहतात. ॲल्युमिनियमचा धनभार हे लोटणं थांबवतो. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं, तेव्हाही साधारण हेच होतं. रेणू साकळतात, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या कापसासारख्या पुंजक्यांना चिकटतात आणि त्यांच्यासोबत तळाशी बसतात. जे विरघळलेलं होतं ते आता गाळता येतं.

मात्र गढूळपणा घालवायला पुरेशी असलेली मात्रा इथे बहुधा अपुरी पडते. पीएचही महत्त्वाचा. मातीचे कण साधारण ६.५ ते ७.५ पीएचला चांगले बसतात, सेंद्रिय पदार्थांसाठी ५.५ ते ६.५ बरा. म्हणजे मात्रा वाढवायची, पाणी किंचित आम्लधर्मी होऊ द्यायचं आणि नळात सोडण्याआधी चुना वगैरे घालून पीएच पुन्हा वर आणायचा, नाहीतर लोखंडी पाइप गंजतात. गाळही जास्त निघतो, त्याची विल्हेवाट लावावी लागते. खर्च वाढतो, हे उघड आहे.

नेमकी मात्रा ठरते ती जार टेस्टने. सहा भांड्यांत तेच कच्चं पाणी, प्रत्येकात वेगळी मात्रा. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं हळू, मग अर्धा तास निवांत ठेवायचं. वरचं पाणी सर्वांत नितळ ते भांडं निवडायचं, ही रूढ पद्धत. नितळपणा बघून सेंद्रिय पदार्थ कळत नाहीत, ही तिची मोठी उणीव. त्यासाठी २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पाण्यातून सोडून तो किती शोषला जातो, ते मोजतात. मोजमाप काही मिनिटांचं आहे. गढूळपणाला आपल्या मानकात मर्यादा आहे, एकूण सेंद्रिय कार्बनला नाही. साहजिकच जे मोजायची सक्ती नाही ते मागे पडतं. अमेरिकेने १९९८ च्या नियमात कच्च्या पाण्याच्या प्रतीनुसार १५ ते ५० टक्के सेंद्रिय कार्बन काढण्याची अट घातली.

सगळं काही साकळत नाही. कुजलेल्या पानांतले मोठे, गडद रेणू चटकन पकडले जातात, शेवाळातून सुटणारे लहान रेणू निसटतात. त्यांच्यासाठी सक्रिय कोळसा लागतो. शेवग्याच्या बियांची पूड गढूळपणा छान बसवते, पण स्वतःच पाण्यात सेंद्रिय पदार्थ सोडते, तेव्हा या कामाला ती उलटी पडते. आणि वऱ्हाळ्यासारख्या वस्तीने वेढलेल्या तलावात, जे निर्माल्य आणि सांडपाणी आत जाऊच दिलं नाही, त्यासाठी तुरटीचा एक खडाही खर्च होत नाही.