कादंबरीचा पहिला प्रसंग

श्रोतेहो, आपल्यापैकी कित्येकांच्या ट्रंकेत एखादी वही पडून असेल. दिवाळीच्या सुटीत कादंबरी लिहायला घेतली, पंधरा-वीस पाने झाली, आणि गाडी तिथेच रुतली. का रुतली? गोष्ट वाईट होती म्हणून? बहुधा नाही. सुरुवात चुकली म्हणून.

तमाशा तुम्ही पाहिला असेल. आधी गण, मग गवळण, मग बतावणी. वग उभा राहायला रात्र बरीच चढते. तरी माणूस उठत नाही, कारण तो चार माणसांत बसलेला असतो आणि ढोलकी बोलत असते. कादंबरी वाचणारा मात्र एकटा असतो. कंटाळला की पुस्तक मिटले, संपले! म्हणून कादंबरीकाराने पहिल्या पानावरच वगाला हात घालावा.

आता आपल्या वहीतली सुरुवात पाहू. ‘डोंगराच्या कुशीत एक टुमदार गाव होते. गावात दीडशे उंबरे होते...’ पुढे नदी येते, देऊळ येते, पाटलांच्या तीन पिढ्या येतात. यात खोटे काही नाही. पण इथे कुणाला काही हवे नाही, कुणाचे काही अडलेले नाही. मग वाचकाने पान का उलटावे?

तीच गोष्ट अशी सुरू करून पाहा. बाजाराचा दिवस आहे. अजून उजाडलेले नाही. सून गोठ्यात येते. बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ ती अलगद काढते, पदरात गुंडाळते आणि मग दावे सोडते. बैल मान झटकतो. त्याच्या पाठीवर हात ठेवून ती श्वास धरून उभी राहते. तेवढ्यात पडवीतून म्हाताऱ्याचा आवाज येतो, “कोन हाय गोठ्यात?”

बाई बैल विकायला निघाली आहे, हे मी सांगितलेच नाही. पण माळ काढली तेव्हाच ते तुम्हांला कळले. घरात ओढ आहे, म्हाताऱ्याचा जीव बैलात आहे, हेही कळले. आता ती काय उत्तर देईल, हे ऐकल्यावाचून तुम्ही उठणार नाही. पाटलांच्या तीन पिढ्या पुढे केव्हातरी येतील, आणि तेव्हा वाचक त्या आवडीने वाचेल.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा: माणसाचे रोजचे जिणे ज्या दिवशी हलते, त्या दिवसापासून सुरुवात करावी. त्याला काहीतरी हवे असावे आणि काहीतरी आडवे यावे.

याचा अर्थ पहिल्याच पानावर खून किंवा दरोडा पाहिजे, असा नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. पुढे पुणे आकाशवाणीवर त्यांनी ग्रामीण कार्यक्रमांचे काम बरीच वर्षे केले. या कादंबरीच्या आरंभी काय घडते? नवी नेमणूक झालेला एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीकडे पायी निघाला आहे. बस्स, एवढेच! पण परक्या वाडीत पहिल्या नेमणुकीवर जाणे म्हणजे काय, हे शिक्षकांना मी काय सांगू? लोक कसे असतील? मेंढरांमागे जाणारी पोरे शाळेत बसतील का? नुसत्या चालण्यातही वाचकाला ओढणारा प्रश्न असतो तो असा.

पहिला प्रसंग हा वाचकाला दिलेला शब्द असतो. शेवटी दुष्काळात बनगरवाडी ओस पडते, मास्तरालाही निघावे लागते, आणि ते पहिले चालणे पुन्हा आठवते. म्हणून पुस्तक पुरे झाल्यावर सुरुवात पुन्हा एकदा लिहावी. आपण कोणता शब्द दिला होता, ते तेव्हाच नीट उमगते.

आणि एक साधी कसोटी. पहिली दोन पाने घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारा कुठे चुळबुळ करतो, कुठे “पुढं काय?” म्हणतो, तिकडे लक्ष ठेवा. त्या “पुढं काय?”च्या अलीकडचे बहुतेक सारे काढता येते.

तर मंडळी, ती वही आज बाहेर काढा. पहिली दहा पाने फाडू मात्र नका. ती लिहिताना तुम्हांला तुमचे गाव कळले. ती पाने तुमच्यासाठी होती. वाचकासाठी अकरावे पान उघडा. कदाचित गोठ्यातली ती बाई तिथेच उभी असेल.