गरीब देशांची कमाई: वाढते, पण टिकत नाही

माणशी वार्षिक राष्ट्रीय उत्पन्न किती, यावरून जागतिक बँक जगातील देशांचे चार गट करते. २०२३ सालच्या आकड्यांनुसार हे उत्पन्न १,१४५ डॉलरपर्यंत, म्हणजे साधारण पंचाण्णव हजार रुपयांपर्यंत असलेला देश सर्वांत खालच्या गटात मोडत होता. असे २६ देश होते. त्यांपैकी २२ सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतले. उरलेले अफगाणिस्तान, येमेन, सीरिया आणि उत्तर कोरिया. या शतकाच्या सुरुवातीला याच गटात साठाहून अधिक देश होते आणि भारतही त्यांत होता. बहुतेक देश वर सरकले, काही मात्र तिथेच रुतून बसले.

या देशांचे उत्पन्न कधी वाढलेच नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. जवळजवळ प्रत्येक देशाच्या इतिहासात वेगवान वाढीची पाच-दहा वर्षे सापडतात. पण मिळवलेले एखाद्या युद्धात, बंडात किंवा भाव कोसळण्यात निघून जाते. गरीब देश आणि श्रीमंत देश यांच्यातला मोठा फरक इथे आहे: गरीब देशांत घसरणीची वर्षे फार येतात आणि घसरण खोल असते. उत्पन्न निम्म्यावर आले तर पूर्वपदावर येण्यासाठी ते दुप्पट व्हावे लागते. माणशी उत्पन्न वर्षाला अडीच टक्क्यांनी वाढत राहिले, तरी त्याला अठ्ठावीस वर्षे लागतात.

तेवढा वेग गाठणेही सोपे नाही, कारण लोकसंख्या वाढत असते. नायजरसारख्या देशात ती वर्षाला तीन टक्क्यांहून अधिक वेगाने वाढते. तिथे देशाचे उत्पादन तीन टक्क्यांनी वाढले, तरी माणशी वाटा जिथल्या तिथेच राहतो. भारतात जो दर बरा वाटेल, तो तिथे नुसते उभे राहायला पुरतो.

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचे, म्हणजे पूर्वीच्या झैरेचे, उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. दक्षिणेकडच्या कटांगा प्रांतातले तांबे हा या देशाचा कणा होता. १९७० च्या दशकाच्या मध्यात तांब्याचे भाव पडले. त्याच सुमारास राष्ट्राध्यक्ष मोबुटू यांनी परकीयांचे मळे, दुकाने आणि कारखाने काढून घेऊन ते आपल्या मर्जीतल्या लोकांना वाटले. कर्ज वाढत गेले. तरीही १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सरकारी खाण कंपनी जेकामीन वर्षाला सुमारे पावणेपाच लाख टन तांबे काढत होती. यंत्रांच्या दुरुस्तीकडे दुर्लक्ष झाले, १९९० मध्ये कामोटोची भूमिगत खाण ढासळली आणि १९९४ पर्यंत उत्पादन तीस हजार टनांच्या आसपास आले. सरकार नोटा छापून खर्च भागवू लागले. १९९३ च्या जानेवारीत सैनिकांना पगार म्हणून पन्नास लाख झैरेच्या नव्या नोटा मिळाल्या. दुकानदारांनी त्या घ्यायला नकार दिला, तेव्हा सैनिकांनी राजधानी किन्शासा लुटली. पाठोपाठ १९९६ ते २००३ या काळात दोन युद्धे झाली.

२००२ नंतर काँगो पुन्हा वाढू लागला. आज तो जगातल्या सर्वांत मोठ्या तांबे उत्पादकांपैकी एक आहे आणि जगातला बहुतांश कोबाल्ट तिथूनच येतो. तरीही महागाई वजा करून पाहिले, तर तिथल्या माणसाचे सरासरी उत्पन्न १९७४ च्या निम्म्याहूनही कमी आहे. तेव्हा सव्वादोन कोटींच्या आसपास असलेली लोकसंख्या आता दहा कोटींवर गेली आहे. पन्नास वर्षांत आजोबांपेक्षा नातू गरीब झाला, याहून मोठे अपयश आर्थिक इतिहासात क्वचितच आढळेल.

वाढ झाली तरी ती कोणाची, हाही प्रश्न असतो. चाडमध्ये २००३ साली दोबा भागातून तेल निघू लागले आणि १,०७० किलोमीटरच्या नळाने कॅमेरूनच्या किनाऱ्यावर जाऊ लागले. पुढच्या एका वर्षात देशाचे उत्पादन सुमारे एक तृतीयांशाने वाढले. पण तेल काढणाऱ्या कंपन्या परदेशी होत्या आणि नफ्याचा मोठा भाग बाहेर जात होता. देशात झालेले उत्पादन आणि देशवासीयांना मिळालेले उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक बँक गट पाडताना दुसरी मोजते, ते याचसाठी. नेपाळची स्थिती उलट आहे: आखाती देश, मलेशिया आणि भारतात राबणाऱ्यांनी पाठवलेला पैसा देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे चतुर्थांश भरतो.

आकड्यांवर किती विसंबावे, हेही लक्षात ठेवावे लागते. शेतकरी पिकवतो तो मका किंवा कसावा घरातच खाल्ला जातो. त्याची पावती कुठेच नसते, त्यामुळे अंदाजच करावा लागतो. घानाने २०१० मध्ये हिशेबाचे आधारवर्ष १९९३ वरून २००६ वर आणले, तेव्हा देशाचे उत्पादन कागदावर सुमारे साठ टक्क्यांनी वाढले. घाना त्या हिशेबाने जागतिक बँकेच्या सर्वांत खालच्या गटातून बाहेर गेला. लोकांचे जेवण मात्र आदल्या दिवसासारखेच होते.

या सगळ्याला छेद देतो तो बांगलादेश. १९७० च्या दशकाच्या आरंभी तो झैरेच्या बराच मागे होता. युद्ध, चक्रीवादळ आणि १९७४ चा दुष्काळ त्याने सोसला. खनिजे म्हणावीत तर नैसर्गिक वायूपलीकडे फारसे काही नाही. पण तयार कपड्यांच्या कारखान्यांत लाखो स्त्रियांना काम मिळाले, एका स्त्रीला सरासरी सातच्या आसपास असलेल्या मुलांची संख्या दोनच्या जवळ आली आणि १९९० पासून एकाही वर्षी देशाचे उत्पादन घटले नाही. त्याच्या वाढीचा वेग कधीच डोळे दिपवणारा नव्हता. वाढ खंडित झाली नाही, एवढेच. आज त्याचे माणशी उत्पन्न काँगोच्या तिपटीहून अधिक आहे.

संयुक्त राष्ट्रांनी १९७१ मध्ये अत्यल्प विकसित देशांची वेगळी यादी सुरू केली, तेव्हा तीत २५ नावे होती. पुढे नवी नावे भरत गेली. १९९४ मध्ये बोट्स्वाना पहिल्यांदा बाहेर पडला. त्यानंतर केप व्हर्डे, मालदीव, सामोआ, इक्वेटोरियल गिनी, वनुआतू, भूतान आणि २०२४ च्या डिसेंबरात साओ टोमे. अर्धशतकात आठ देश सुटले, ४४ अजून यादीत होते.