नगरपरिषदेची दिवाबत्ती : नित्य कामकाजाच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना :

नगरपालिकांच्या दप्तरात रस्त्यांवरील दिव्यांच्या व्यवस्थेस ‘दिवाबत्ती’ असा जुना शब्द रूढ आहे. तेलाची बत्ती, वात व ती संध्याकाळी पेटविणारा सेवक हे सर्व कालबाह्य झाले, तरी शब्द टिकून राहिला. तो अर्थपूर्णही आहे. कारण दिवा ही एकदा बसविण्याची वस्तू नसून रोज लावण्याची व सांभाळण्याची गोष्ट आहे, हे त्या शब्दात गृहीत आहे. खांब उभारणे हे भांडवली काम होय. दिवा जळता ठेवणे हे आवर्ती काम होय. पहिल्यासाठी योजना, अनुदान व उद्घाटनाचा समारंभ असतो. दुसऱ्यासाठी केवळ नगरपरिषदेची स्वतःची तिजोरी व तिचे नित्याचे कामकाज असते. महाराष्ट्रातील नगरपरिषदांच्या दिवाबत्तीची दुरवस्था बहुतांशी या दुसऱ्या भागात उद्भवते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कायद्याचा आधार :

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ याच्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची अनिवार्य कर्तव्ये सांगितलेली आहेत. सार्वजनिक रस्ते, जागा व इमारती यांवर दिवाबत्ती करणे हे त्यांपैकी एक. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील १७ व्या नोंदीतही पथदिव्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे हा विषय नगरपरिषदेच्या मर्जीचा नाही, याविषयी कायद्यात संदिग्धता नाही. मात्र कर्तव्य अनिवार्य ठरविले म्हणून त्याच्या खर्चाची तरतूद आपोआप होत नाही.

विषयपत्रिकेतील स्थान :

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका पाहिली असता दिवाबत्तीचे विषय कोणत्या स्वरूपात येतात हे ध्यानात येते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चास मान्यता देणे, निविदांना मंजुरी देणे या विषयांच्या ओघात ‘विद्युत साहित्य खरेदीच्या खर्चास कार्योत्तर मंजुरी देणे’ असा एक विषय असतो. सूचक व अनुमोदक यांची नावे नोंदली जातात आणि ठराव सर्वानुमते संमत होतो. किती दिवे बंद होते, किती दिवसांनी लागले, हे त्या ठरावात नसते. ‘आयत्या वेळच्या विषयां’त तर सदस्यांना टिपणी वाचण्याचीही सवड मिळत नाही.

नित्याचा विषय म्हणून चर्चा टाळण्याची ही रीत अपरिहार्य आहे असे मात्र नव्हे. १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या महात्मा फुले यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी शहर शृंगारण्याच्या खर्चास एकट्याने विरोध केला होता, हे सर्वश्रुत आहे. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते.

एका खांबाचे अनेक धनी :

आता प्रत्यक्ष दिव्याकडे वळू. अनेक नगरांत खांब वीजवितरण कंपनीचा, त्यावरील दिवा नगरपरिषदेचा आणि दुरुस्ती ठेकेदाराकडे, अशी विभागणी असते. खांबावरून जाणाऱ्या पथदिव्यांच्या स्वतंत्र तारेत बिघाड झाला, तर दिवा बदलूनही तो लागत नाही. ठेकेदार कंपनीकडे बोट दाखवितो, कंपनी नगरपरिषदेकडे पत्र मागते आणि पत्र आवक-जावक विभागात पडून राहते. नागरिकाने तक्रार केली तरी ती नेमकी कोणाच्या नावे नोंदवावी हेच त्याला उमगत नाही. रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या स्त्रिया व अभ्यासिकेतून घरी जाणारे आपले विद्यार्थी यांना मात्र तो अंधार अविभाज्य स्वरूपात मिळतो!

देयक व बचतीचा हिशेब :

पथदिव्यांचे वीज देयक हा यातील कळीचा मुद्दा होय. मीटर बंद असल्यास देयक पुष्कळदा जोडभारावरून आकारले जाते. म्हणजे न जळणाऱ्या दिव्याचेही पैसे द्यावे लागतात. थकबाकी वाढली की जोडणी तोडली जाते. २०२१ मध्ये राज्याच्या ग्रामीण भागात थकबाकीपोटी पथदिव्यांचा वीजपुरवठा खंडित झाल्याने मोठा वाद निर्माण झाला होता.

यावर उपाय म्हणून एलईडी दिवे पुढे आले. केंद्र शासनाने जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम सुरू केला. त्यात दिव्यांचा प्रारंभिक खर्च अंमलबजावणी संस्थेने करावयाचा आणि नगरपरिषदेने वीजबचतीतून त्याची हप्त्याहप्त्याने परतफेड करावयाची, अशी पद्धत होती. तत्त्वतः ही कल्पना उत्तम आहे. परंतु तिचा पाया जुन्या वापराच्या आकड्यावर उभा असतो आणि तेथेच खरी अडचण आहे.

उदाहरणादाखल ३,००० दिव्यांचे एक नगर कल्पू. जुनी ट्यूबलाइट चोकसह ५५ वॅट वीज घेते. वर्षाला सुमारे ४,००० तास जळल्यास एका दिव्यास २२० युनिट, सर्व दिव्यांना ६,६०,००० युनिट लागतात. २० वॅटच्या एलईडी दिव्यांना २,४०,००० युनिट पुरतात. बचत ४,२०,००० युनिट. परंतु जुन्यांपैकी १,००० दिवे मुळात बंदच असतील, तर पूर्वीचा वास्तविक वापर ४,४०,००० युनिटच होता. खरी बचत २,००,००० युनिट, म्हणजे कागदावरील बचतीच्या निम्म्याहूनही कमी. हप्ता मात्र कागदावरील बचतीवर बेतलेला असेल, तर तूट नगरपरिषदेच्या निधीतूनच भरून काढावी लागते. अधिक रस्ते उजळले, हा लाभ निर्विवाद आहे. पण त्याला बचत म्हणता येत नाही. म्हणून करारापूर्वी रात्री फिरून केलेली दिव्यांची मोजणी व चालू मीटर या दोन साध्या गोष्टी निविदेतील दरापेक्षा अधिक महत्त्वाच्या ठरतात. सदस्यांनी सभेत प्रथम हेच मागितले पाहिजे.

प्रशासकांचा काळ :

मागणारे सदस्यच नसतील तर काय होते, हे नुकतेच राज्याने पाहिले. अनेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका होईपर्यंत तेथील कारभार प्रशासकांकडे राहिला. प्रशासकाने केलेल्या ठरावाला विरोधी मत संभवत नाही. या काळातील काही देयके व बहुवर्षीय करार आता निवडून आलेल्या सदस्यांच्या हाती आले आहेत. त्यांच्या प्रती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये कोणाही नागरिकास मागता येतात. राज्यशास्त्र, वाणिज्य व भौतिकशास्त्र या विभागांना एकत्र येऊन आपल्याच नगरातील खांबांची गणना करावयाची असल्यास, आरंभ त्या करारातील दिव्यांच्या संख्येपासून करता येईल.