खेळण्यांवरील लाखेचा लेप

सावंतवाडीत गंजिफाची रंगविलेली पाने लाखेच्या लेपाने जपली जातात. चितारआळीतून आणलेले लाकडी खेळणे घरी पुन्हा रंगविल्यावर तोच उपाय करता येतो. पावसाळ्यात मात्र घाई अंगलट येते. स्पिरिटमध्ये विरघळविलेली लाख लावताच स्पिरिट झपाट्याने उडते, पृष्ठभाग थंडावतो आणि दमट हवेतील बाष्प त्यावर साचून लेप दुधाळ पडतो. म्हणून कोरडा दिवस पाहावा, खालचा रंग पूर्ण वाळू द्यावा व जाड थराऐवजी दोन-तीन पातळ हात द्यावेत.

लाख औषधी गोळ्यांवरही चढवितात, हे खरे. परंतु खालच्या रंगात शिसे असेल तर तिचा उपयोग नाही; मूल खेळणे चावते तेव्हा लेप निघतोच. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे. डब्यावरील तो उल्लेख रंग घेतानाच पाहावा.